समोर ठेवलेले पेले

रुम्माना,
१ मार्च १९२१

प्रिय नाइफ,

सलाम आणि आशीर्वाद.

राष्ट्राध्यक्षानं सेनापतीला पत्र कसं लिहावं, याचा एक नमुना आमच्या गृहमंत्र्यानं, साबित बेगनं, मला करून दिला आहे. त्यात 'आपले शौर्य' आहे, 'सदर विजय' आहे, आणि शेवटी 'आपला' म्हणून कुणाचाच नसल्यासारखी सही आहे. माझ्या टेबलाचा एक पाय डगमगतो. नमुन्याची चौघडी करून त्याखाली घातली, तेव्हा कुठं हे पत्र लिहिता येतं आहे.

विहिरींची लढाई तू जिंकलीस हे मला मंत्रिमंडळाच्या आधी आमच्या भट्टीवाल्यानं सांगितलं. पाव हातात ठेवत म्हणाला, 'मास्तर, तुमच्या त्या पोरानं फिरंग्यांना तहानेनं पळवलं म्हणे!' राष्ट्राध्यक्ष होऊन दोन वर्षं झाली, पण गाव मला मास्तरच म्हणतं. बरं वाटतं. सुलतानाचे अंमलदार रातोरात निघून गेले, फिरंगी यायचे होते, आणि मधल्या त्या रिकाम्या वेळात लोकांनी मला खुर्चीवर बसवलं, ते काय माझ्या राजकारणाकडे बघून? अर्ध्या शहराचे कान मी कधी ना कधी पिरगळलेले होते, एवढीच माझी पुण्याई. आणि तुला सेनापती केलं ते मी. साबित म्हणाला होता, 'मेंढपाळाच्या हाती फौज?' मी म्हणालो, 'ज्याला हजार मेंढ्या अंधारात आवाजावरून ओळखता येतात, त्याला माणसं ओळखता येतील.' तेव्हापासून आपलं बरं चाललं आहे. मी बोलतो ते तू खरं करून दाखवतोस, आणि तू करतोस ते मी लोकांना समजावून सांगतो. दोघांतला एक गळला तर दुसरा नुसताच बडबड्या, नाहीतर नुसताच दांडगा.

आज अंगणातल्या बदामाला फुलं आली. अशाच दिवसांत तुझा बाप, शलाश, तुला घोड्यावर पुढ्यात घेऊन शाळेत आला होता. बरोबर कबिल्यातले पाचसात वडीलधारे. मी शहरी माणूस. आल्या पाहुण्याला कॉफी द्यायची एवढंच मला ठाऊक. दिली. कुणी पेल्याला ओठ लावीना! सतरंजीवर पेले समोर ठेवून सगळे माझ्याकडे बघत बसले. मला दरदरून घाम. आमच्या गावात घरची कॉफी नाकारणं म्हणजे उघड वैर. शेवटी शाळेचा शिपाई कानाशी लागला, 'मास्तर, मागणं घेऊन आलेत. त्यांच्यात आपण होऊन तोंड उघडायची रीत नाही. काय हवं ते तुम्ही विचारायचं, आणि "प्या, तुमचं काम झालं" म्हणायचं. तोवर पिणार नाहीत.' मी घाईघाईनं म्हणालो, 'प्या हो, प्या! झालं काम!' सगळ्यांनी एकदम पेले उचलले. काम काय ते मागाहून कळलं.

काम म्हणजे तू.

ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलो आहे, आणि अजून सांगताना डोळे पुसतो. नदीची कविता आठवते का रे?

नदी कुणाचे नाव घेई ना, तरी ती सर्वांची,
तीरावरल्या तंबूंचीही, धुरकट गावांची.

दुसऱ्या ओळीपुढं तू कधी गेलाच नाहीस. तिसऱ्या ओळीला तुला खोकला यायचा.

फिरंगी नदीपलीकडे पुन्हा जमताहेत असं ऐकतो. दगडी पूल गेला की शहर गेलं. पूल सांभाळ.

तुझा,
नुअमान मास्तर

•

दगडी पुलाजवळची छावणी,
७ मार्च

मास्तर,

सलाम. पत्र मिळालं. स्वार नदीच्या उतारावर घोड्यासकट पाण्यात गेला. कविता भिजून गेली, बाकीचं कोरडं राहिलं. देव दयाळू आहे.

पूल आपल्याकडे आहे. जोवर मी आहे तोवर राहील. हा शब्द धरून चाला.

काडतुसं कमी आहेत. जोडे त्याहून कमी आहेत. साबित बेगनं मागच्या खेपेला जोड्यांच्या जागी झेंडे पाठवले. झेंडे चांगले आहेत. आम्ही पायांना गुंडाळले.

सध्या मेंढ्या विण्याचे दिवस आहेत. माझ्या फौजेत निम्म्याहून अधिक आमच्या कबिल्याचे आहेत, त्यांची मनं इथं नाहीत. म्हणून थोडे थोडे करून घरी धाडतो. जातात, अडलेलं कोकरू ओढून काढतात, आईच्या हातचं खातात, अंगाला दुधाचा वास घेऊन परत येतात. माझ्या आजाच्या लढायांतही असंच चालायचं. रजा मी तोंडी देतो. कागद देऊन उपयोग नाही, त्यांना वाचता येत नाही आणि मला लिहायचा कंटाळा, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! गेलेला परत आला नाही असं अजून झालेलं नाही. येताना चीज आणतात. तुम्हाला एक गठुळं पाठवलं आहे, बदीआमावशींना द्या. तुम्ही फार खाऊ नका, तुमचं पोट मला शाळेपासून माहीत आहे.

उतारावर साबित बेगची माणसं घुटमळताना दिसतात. मासे धरतो म्हणतात. जाळं कुणाकडेच नाही.

नाइफ

•

रुम्माना,
१५ मार्च

प्रिय नाइफ,

चीज पोचलं. आमच्या हिनं, बदीआनं, मला नखाएवढा तुकडा दिला आणि बाकीचं कुलपात घातलं. तुमचं दोघांचं आधी ठरलेलं असावं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना लेखणी जड झाली आहे.

साबितच्या माणसांनी कुरणांच्या वाटेवर तीन शिपाई पकडले. मुतलक, फवाज आणि दहाम, अशी नावं आहेत. प्रजासत्ताकाच्या रायफली खांद्यावर, छावणीकडे पाठ, जवळ रजेचा कागद नाही. लष्करी न्यायालयानं त्यांना पळपुटे ठरवलं आहे. शिक्षा तुला ठाऊक आहे. तो कायदा मीच लिहिला. शहरातल्या दोन पोरांना पहिल्या वर्षी तो लागूही झाला, आणि त्यांच्या आया अजून माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवतात.

मी म्हणालो, 'नाइफनं तोंडी रजा दिली असेल.' साबित म्हणाला, 'मास्तर, ही शाळा नव्हे. तोंडी रजा कुठल्या फौजेत असते? आज तीन गेले, उद्या तीनशे जातील. आणि त्या शहरातल्या पोरांच्या आयांना काय सांगाल? की मेंढ्या असत्या तर तुमचं पोर वाचलं असतं?' शिक्षेचा कागद मेजावर आहे. त्यावर माझी सही व्हायची आहे. मी वर कवितेची वही ठेवून तो झाकला आहे, पण दिसायचा तो दिसतोच.

आणखी एक. एक फिरंगी अधिकारी गेल्या महिन्यात तुझ्या तंबूत येऊन गेला असं साबित म्हणतो. मी हसण्यावारी नेलं. खरं सांगू का, हसू नीट उमटलं नाही. साबितचा स्वभाव असा, की तो एक वाक्य बोलतो आणि मग दिवसभर काही बोलत नाही. ते वाक्य मात्र खोलीत बसून राहतं. सकाळी नमाजाला बसलो तरी ते शेजारी असतं. तू मला एक ओळ लिही. 'असं काही नाही' एवढंच लिही, मी भिंतीवर लावीन.

फिरंग्यांची वर्तमानपत्रं लिहितात, 'या देशात एक म्हातारा स्वप्नं बघतो आणि एक धनगर लढतो. दोघांतला कोण आधी दुसऱ्याला विकतो ते बघायचं.' वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

बदामाची फुलं गळाली.

तुझा,
नुअमान मास्तर

•

छावणी,
१९ मार्च

मास्तर,

ती तीन पोरं माझी आहेत. रजा मी दिली होती.

बाकीची गोष्ट कागदावर मागायची नव्हे. गुरुवारी येतो. बरोबर माणसं असतील. कॉफी चुलीवर असू द्या.

नाइफ

•

रुम्माना,
गुरुवार, २४ मार्च

सेनापती नाइफ बिन शलाश यांस,

आज दुपारी आपण चाळीस स्वारांनिशी माझ्या दारी आलात. असं पत्र मी आपल्याला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, परंतु जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मी एका ओळीचं उत्तर मागितलं होतं. 'असं काही नाही' हे तीन शब्द आपल्याला लिहिता आले नाहीत. त्याऐवजी 'बरोबर माणसं असतील' हे लिहिता आलं. साबितनं ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या घराभोवती पहारा दुप्पट केला. मी त्याला अडवलं नाही.

आपण आणि आपल्या माणसांनी रायफली दाराशी खोगिरांवर ठेवल्या, हे मी पाहिलं. माझ्या जिवात जीव आला. साबित पुटपुटला, 'एवढ्या सैल अंगरख्यांत काय काय मावतं!' तरी मी पहिला पेला माझ्या हातानं भरून आपल्याला दिला. बत्तीस वर्षांत आपण माझ्या हातचं कधी नाकारलं नव्हतं. आपण पेला घेतलात आणि समोर सतरंजीवर ठेवलात. मग आपल्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा ठेवला. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग सगळ्यांनी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेल्या पेल्यांची ओळ, त्यामागं ओळीनं दाढ्या, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

साबित कानाशी लागला, 'विषाची शंका त्यालाच येते, ज्याच्या मनात विष येऊन गेलेलं असतं.'

मी वाट पाहिली की आपण हसाल, म्हणाल, 'मास्तर, तुमची कॉफी नेहमीसारखी करपलेली आहे', आणि पिऊन टाकाल. आपण काही बोलला नाहीत. वाफ निघून गेली. मग आपण उठलात, छातीला हात लावलात आणि निघालात. एक म्हातारा मात्र उंबऱ्याशी वळून थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. असा शाप देणारा चेहरा मी पाहिला नव्हता.

आपली धूळ खाली बसायच्या आत साबितनं तो शिक्षेचा कागद पुढं सरकवला. आठवडाभर मी तो टाळत होतो. आज सही केली. ज्याला माझ्या घरची कॉफी चालत नाही, त्याच्या माणसांसाठी मी माझाच कायदा मोडावा असं आपल्याला वाटत असेल, तर

शुक्रवार

नाइफ,

काल पत्र वरच्या ओळीवर तुटलं. बदीआ पेले गोळा करायला आत आली होती.

दारातच थबकली. म्हणाली, 'अगंबाई, सगळे भरलेले?'

मी लिहीतच होतो. म्हणालो, 'हो. प्याले नाहीत.'

'एवढ्या माणसांना एका दमात नाही म्हणालात? काय मागत होते?'

'काही मागितलं नाही त्यांनी.'

'तुम्ही विचारलंत?'

नाइफ, त्या शब्दासरशी माझ्या शाळेची ती ओसरी डोळ्यांपुढं उभी राहिली. तुझा बाप, ते पाचसात वडीलधारे, सतरंजीवरचे पेले, शिपायाचा कानाशी आलेला तंबाखूचा वास. तू फौज घेऊन आला नव्हतास. तू त्या तिघांच्या बापांना आणि कबिल्याच्या वडीलधाऱ्यांना घेऊन त्यांचा जीव मागायला आला होतास. तुझ्या लोकांत मागायचं असतं तसा. मी विचारायचं होतं. एवढंच करायचं होतं मला.

मी बराकीकडे धावलो. कोट नाही, पायात काही नाही. तांबटआळीत कुणीतरी ओरडलं, 'मास्तर, जोडे! जोडे राहिले!' आणि हातोडे थांबले. एकामागून एक सगळ्या दुकानांतले हातोडे थांबले. तू त्या आळीतून कितीदा गेलास, तुला ठाऊक आहे, ती कधी गप्प नसते. त्या शांततेतच मला बराकीच्या अंगणातला बंदुकांचा बार ऐकू आला. तीन नव्हते, एकच होता.

साबित फाटकाशी भेटला. घाम पुसत होता. म्हणाला, 'कागदावर तुमची सही होती. मी उशीर का करू?'

त्यात खोट काढता येत नाही, हेच भयंकर आहे.

तुला आठवतं, याच महिन्याच्या पहिल्या दिवशी मी तुला ती गोष्ट रंगवून लिहिली होती. तीस वर्षं मी ती पाहुण्यांना सांगितली, वर्गांना सांगितली, सांगताना डोळे पुसले. तीच गोष्ट काल माझ्या सतरंजीवर येऊन बसली आणि मी तिला ओळखलं नाही. जुनं सगळं माझ्या पाठ आहे रे. समोरचं दिसत नाही.

पी, नाइफ. तुझं काम

पुढचा शब्द लिहायचा हक्क मी गमावला आहे.

नुअमान

•

छावणी,
२९ मार्च

मास्तर,

तिघे घरी पोचले. तुम्ही पाठवलेली कफनाची कापडं बापांनी परत केली. स्वाराबरोबर येतील.

दारात थांबून तुमच्याकडे बघणारा म्हातारा अजील. मुतलकचा बाप. तो शाप देत नव्हता. त्याला वाटलं, मास्तर विसरले, आता आठवेल, हाक मारतील. म्हणून थांबला होता. मी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

फिरंगी अधिकारी आला होता हे खरं. सगळा जिल्हा तुझ्या हाती देतो, पूल सोड, म्हणाला. मी कॉफी दिली. त्यानं तोंड भाजून घेत एका घोटात संपवली आणि वर मागणं मांडलं. मी हसलो. त्याला कशाला हसतो ते कळलं नाही. उंटावर बसवून परत पाठवला. हे तुम्हाला लिहिलं नव्हतं. 'असं काही नाही' असंही लिहिलं नाही, कारण माणूस आला होता, आणि तुमच्यापाशी खोटं बोलायची मला सवय नाही. खरं काय ते समोरासमोर सांगणार होतो, कॉफी पिऊन झाल्यावर.

कबिला तंबू उपटतो आहे. मी अडवलं नाही, अडवायला मला तोंड नाही. त्यांना मी शब्द दिला होता की मास्तर नाही म्हणायचे नाहीत. चारपाच दिवसांत खोल वाळवंटात जातील. मग पुलावर मी आणि शहरातली शंभरेक पोरं. पलीकडे फिरंग्यांनी तोफा आणल्या आहेत. सकाळी दोन विमानं येतात, खालून जातात, काही टाकत नाहीत. मोजतात आणि परत जातात.

मी पुलावर आहे. तसा शब्द दिला होता.

कविता पाठवू नका.

नाइफ

•

रुम्माना,
३१ मार्च

नाइफ,

मी निघतो आहे. हा स्वार माझ्या पुढं एक दिवस असेल.

बरोबर फौज नाही, मंत्री नाही. भाड्याचं खेचर आहे, आणि कॉफीचं भांडं. घरातलं, ज्यातून तुला पहिल्यांदा कॉफी मिळाली ते. तेव्हा तू ती थुंकून टाकली होतीस.

साबित म्हणाला, 'गेलात तर मागं शहराचे दरवाजे उघडे राहतील याची हमी देत नाही.' मी त्याला विचारलं, 'तू मला धमकी देतोस की बातमी?' तो म्हणाला, 'मी तुम्हाला नेहमी बातमीच देत आलो.' बदीआ पडद्यामागून ऐकत होती. तिनं भाकऱ्या बांधल्या. मी म्हणालो, 'तू माझ्याबरोबर चल.' म्हणाली, 'मी इथं असले तर तुम्हाला परत यायला एक दार तरी असेल.'

कबिल्याला एवढं सांग, की निघायच्या आधी एक पाहुणा येतो आहे. एक तंबू उभा ठेवा. मुतलकच्या बापाचा असला तर बरं. मी तिथं येऊन बसेन, आणि माझ्यापुढं ठेवलेला पेला पिणार नाही. 'पी' म्हणायचं की नाही, ते त्या तिघांच्या बापांनी ठरवावं. तुला तो हक्क नाही, हे आता मला समजतं. त्यांनी कुऱ्हाड घेतली तरी मी उठणार नाही. तू मधे पडू नकोस. ही आज्ञा समज. मी दिलेली पहिलीच आज्ञा आहे, बाकी सगळ्या विनवण्याच होत्या.

मी एक शब्द बोलणार नाही. आयुष्यभर बोललो.

नुअमान

•

छावणी,
३ एप्रिल

बदीआमावशी,

सलाम. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, ठाऊक नाही. साबित बेगनं वेशी लावून घेतल्या असं कळलं. स्वार म्हणतो, नदीकडच्या मोरीतून आत शिरता येतं. शाळा चुकवून मी तिथूनच बाहेर पडायचो. मास्तरांना सांगू नका.

मास्तर काल पोचले. खेचरावरून उतरताना पाय दुमडले, मी धरायला गेलो तर हात झटकला. थेट छावणीशेजारी उभ्या ठेवलेल्या अजीलच्या तंबूत गेले. बाकीचे सगळे तंबू उतरलेले, उंटांवर ओझी लादलेली. अजीलनं आलेल्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मास्तर खाली बसले. अजीलच्या सुनेनं, म्हणजे मुतलकच्या बायकोनं, पेला भरला. रीत आहे म्हणून भरला. मास्तरांनी तो घेतला आणि समोर ठेवला.

फवाजचा बाप आला, दहामचा आला. वडीलधारे कडेनं बसले. त्या दिवशी तुमच्याकडे बसले होते तीच माणसं, त्याच क्रमानं. फक्त या खेपेला पेला एकच होता.

फवाजचा बाप बराच वेळ रडला आणि मग त्यानं होकाराची मान डोलावली. दहामच्या बापानं जमिनीकडे बघत 'देवाची मर्जी' म्हटलं. राहिला अजील. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो तोंड फिरवून बसलेला.

तेवढ्यात पलीकडून तोफा सुरू झाल्या. पहिला गोळा पाण्यात पडला, दुसरा उंटांजवळ. विमानं आली, या वेळी त्यांनी बॉम्ब टाकले. आमच्या बायका पोरांना पोटाशी धरून धावल्या. मी ओरडलो, 'मास्तर, उठा!' ते ऐकतील तर ना. पेल्यात माती पडली, ती त्यांनी बोटानं काढली आणि पेला होता तिथंच ठेवला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. ती नदीची कविता असावी. ते तिसऱ्या ओळीला होते, मी ऐकलं, आणि मला ती आजही आठवली नाही.

मी अजीलपुढं गेलो. म्हणालो, 'काका, काय ते बोला. पी म्हणा, नाहीतर मारून टाका. हा म्हातारा असा बसून मरेल.'

अजील उठला. म्हणाला, 'मी पी म्हणणार नाही. आज नाही. कधी म्हणेन का, देव जाणे. माझं पोर अंगणात उभं केलं तेव्हा यानं एक शब्द विचारला नाही.' मग त्यानं मास्तरांकडे बघितलं. मावशी, त्या दिवशी दारातून बघितलं होतं तसंच. 'पण माझ्या तंबूत भरला पेला पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला फिरंग्यानं हात लावायचा नाही. त्याचा निवाडा माझ्याकडे आहे. तो मी करेपर्यंत तो जिवंत राहिला पाहिजे.'

आणि मुतलकची रायफल उचलून पुलाकडे चालू लागला. जाताना उंटवाल्यांवर खेकसला, 'बघताय काय? पाहुणा बसलाय ना आत! उतरवा ओझी!'

मावशी, ओझी उतरली. दोर कापून उतरवली. माझी फौज परत आली. त्यांनी माफ केलेलं नाही. कुणी मास्तरांकडे बघून हसत नाही, कुणी त्यांच्याशी बोलत नाही. पण त्यांच्याभोवती आणि पुलाच्या तोंडाशी आता आठशे रायफली आहेत. तो म्हातारा तिथं बसला आहे तोवर एकही माघारी जाणार नाही.

फिरंगी काल दोनदा पुलावर आले, दोनदा परत गेले. आज पुन्हा जमताहेत, कालच्या दुप्पट. अजील अजून पुलावरून आलेला नाही. तो परत आला तर काय बोलेल, मला माहीत नाही. तो परत आलाच नाही तर मास्तरांना 'पी' म्हणणारं कुणी उरणार नाही, हे मास्तरांना माहीत आहे आणि मलाही. म्हणून मी त्याच्या दोन्ही बाजूंना माझी सगळ्यात चांगली माणसं उभी केली आहेत. सेनापती म्हणून आज माझं तेवढंच काम आहे.

मुतलकची बायको मधूनमधून येते, गार कॉफी ओतून टाकते, ताजी भरते आणि काही न बोलता जाते. मास्तर पाणी घेतात, भाकरी घेतात, तुम्ही बांधून दिलेली. पेल्याला हात लावत नाहीत.

आत्ता निघताना मी त्यांना विचारलं, 'मावशींना काय कळवू?' त्यांनी मान वर केली नाही. पेल्याकडे बोट केलं.

भरलेला आहे.

नाइफ